तुम्ही आधी जा

३ मार्च
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. परदेशात ड्रायव्हरशिवाय धावणाऱ्या गाड्या आजूबाजूच्या ड्रायव्हरांशी म्हणे दिव्यांनी बोलतात. आपण डिपर मारतो, हात बाहेर काढतो, नाहीतर डोळे वटारतो. रिकाम्या सीटने कसे वटारायचे?
अशा गाड्या कोरेगावात आल्या की माझं ड्रायव्हिंग स्कूल बंद. म्हणून ती भाषा आधी मीच शोधणार. उद्या पहाटे उठून सुरुवात.

४ मार्च, सकाळी ९
आत्ता उठलो. डोक्याचं काम, झोप लागतेच.
मंडपवाल्या धोंडीबाकडून स्कूलच्या गाडीच्या टपावर लाईटचा बोर्ड बसवून घेतला: ‘तुम्ही आधी जा’.

५ मार्च
चौकात चाचणी. बोर्ड लावून थांबलो. समोरचे सगळे वाचत थांबले. जाम. तेवढ्यात दोन बायका मागे येऊन बसल्या. वडूजला कवा पोचंल, म्हणाल्या.
निष्कर्ष: ड्रायव्हर दिसतो, म्हणून लोक गोंधळतात. ड्रायव्हर लपवणे.

७ मार्च
सीटकव्हरचा अंगरखा शिवून घेतला. डोळ्यांना दोन भोकं. आत मी, बाहेरून नुसती सीट. बायको बघून म्हणाली, आवं, घरात बी असंच बसत जावा, लय शांत वाटतंय. संयोगिताचा पाठिंबा मोठा.
आमच्या स्कूलमध्ये शिकवणाऱ्या केरबालाही सांगितलं नाही. संशोधन गुप्त हवं.

९ मार्च
चौक. बोर्ड चालू. गाडी अगदी हळू. गर्दी ओरडली, आरं, गाडी सुटली! बोर्ड कुणीच वाचेना. कुणीतरी चाकापुढे दगड टाकला. मिलिटरीतून रिटायर झालेले हंबीरराव पळत आले, दार उघडून आत उडी मारली, थेट माझ्या मांडीवर, आणि खाडकन हँडब्रेक ओढला. मी श्वास रोखून सीट राहिलो. लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून नेलं.
मग गाडी न्यायला केरबा आला. वाकून म्हणाला, सर, पाय काढा, क्लच दाबायचाय.
चाचणी ऐंशी टक्के यशस्वी.

११ मार्च
पेपरात बातमी: हँडब्रेक लावायला विसरला ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, माजी सैनिकाने वाचवला चौक. खोटं! मी आतच होतो. आजच खुलासा पाठवणार.
संयोगिता म्हणाली, पाठवा की. आत कसं होता, त्ये बी लिवा.
दुपारपर्यंत तीन विद्यार्थी सोडून गेले.

१२ मार्च
चौकात हंबीररावांचा सत्कार. शाल मीच त्यांच्या खांद्यावर घातली. भाषणात म्हणालो, व्हय, हँडब्रेक विसरलो. टाळ्या पडल्या.