हिन्नोमाचं खोरं नेमकं कुठं

माय, तुझा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात, इतकी वर्षं झाली तुला जाऊन. तुला अक्षरओळख नव्हती. चर्चमध्ये कानावर पडलेलं शास्त्र तू आपल्याच आजूबाजूला मांडून ठेवायचीस. खाम नदी म्हणजे यार्देन, दौलताबादचा डोंगर म्हणजे सीनाय, आणि तू विटा वाहायचीस ती भट्टी म्हणजे हिन्नोमाचं खोरं. "तिथं मायबापांनी आपली लेकरं आगीत दिली. माझ्या मागं तिकडं आलीस तर तंगडं मोडीन," असा दम द्यायचीस. अजूनही वीटभट्टी दिसली की मी पदर नाकाला लावून लांबून वळसा घेते.

माझी धाकटी, तुझी नात, हल्ली यरुशलेमात एका म्हातारीची सेवा करायला आहे. तिकडं भोंगे वाजतात, आभाळातून आग पडते. काल दुपारी तिनं फोनवर खिडकीबाहेरचं दाखवलं. खाली हिरवंगार खोरं, जैतुनाची झाडं, कुत्रं फिरवणारा एक माणूस. "आई, इथली आजी म्हणते हेच हिन्नोम. बघ तुझी भट्टी, लई गार हाय!" ती हसतेय. तिला मी भट्टीचं सांगितलंय, लेकरांचं नाही. हिन्नोम हे नव्हे, शेजारचं दुसरं खोरं, असं काही अभ्यासक म्हणतात. ही तिकडं गेल्यापासून मी वाचून वाचून तेवढंच घट्ट धरून ठेवलं होतं. विचारलं, "जुनं शहर कुठल्या अंगाला गं?" म्हणाली, "उत्तरेला, हे काय वर." शास्त्रातली खूण तीच, शहराच्या दक्षिणेचा उतार. म्हणजे हेच ते.

तेवढ्यात भोंगा. "आजीला खाली नेते," म्हणत तिनं फोन खिडकीतच टेकवला. कुत्रेवाला पळत गेला. मग नुसतं खोरं, ऊन आणि तो आवाज. रिकाम्या खिडकीला मी ओरडतेय, "पळ गं, पळ!"

बऱ्याच वेळानं धापा टाकत आली. "भ्यालीस व्हय?"

"मी? नाय बा."

"मग सांग की, या खोऱ्यात काय झालतं? आजी सांगंना."

माय, हे तुला पोचणार नाही, म्हणून तर लिहिते. तू मला भट्टीच्या वाटेलाही जाऊ दिलं नाहीस. मी मात्र हिची पेटी स्वतःच्या हातानं भरली, वर लोणच्याची बरणी दिली. तिला म्हटलं, "लई जुनी गोष्ट हाय, आठवत नाय आता."

सगळी आठवते.