रक्तवाढीच्या चहाबद्दल थोरलीचा शेवटचा शब्द

हात कापतो तो वयाने. डोकं शाबूत आहे, आणि तापलेलंही आहे. कोणाच्या दबावाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता मी, चहाच्या दुकानाची मालकीण, अविवाहित, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वीचं लिहिलेलं सर्व रद्द समजावं.

कलम १. दुकान, मागची खोली आणि वरचं राहतं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत. माझ्या पश्चात ती सर्वस्वी माझ्या धाकट्या बहिणीची. नवरा गेल्यावर ती मुलाला घेऊन माझ्याकडे आली, तेव्हापासून गल्ल्यावर तीच बसते. मी पानं चाखायची, मिश्रणं करायची. गोड बोलून खपवायची तिने. गोड बोलणं मला कधी जमलं नाही.

कलम २. अट एकच. ‘रक्तवाढीचा चहा’ नावाचा पुडा दुकानात ठेवायचा नाही.

कारण लिहून ठेवते. हा पुडा माझ्या भाच्याने काढला. चाळिशी आली तरी घरात तो अजून ‘बाळ’च. आत आमचाच साधा काळा चहा, वर लाल लेबल: हजारो वर्षांचं औषध, रक्त वाढवतं, चरबी वितळवतं.

मी म्हटलं, “अरे, राजाच्या उकळत्या पाण्यात पान पडलं आणि चहा सापडला, ही दंतकथा आहे. चीनमध्ये लोक आधी औषध म्हणून प्यायचे, हे खरं. पण त्या काळी औषध म्हणून काय काय प्यायचे!”

“मावशी, लोकांना गोष्ट हवी असते.”

लोकांना असेल. धाकटीचं रक्त मुळातच कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर ही त्या लेकाच्या चहाबरोबर गिळायला लागली, दुहेरी गुण येईल म्हणून! चहा लोह अंगी लागू देत नाही, हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी जिन्यात चक्कर येऊन पडली, खुबा मोडला.

डॉक्टरांनी विचारलं, “गोळी कशाबरोबर घेत होता?”

“पाण्याबरोबर,” माझ्यादेखत म्हणाली! मी खरं काय ते सांगितलं, तर घरी आल्यावर अबोला. तो सुटला तोही असा: “बाळाचं नाव कशाला घेतलंस, ताई? माझाच तोल गेला.”

कलम ३. भाच्यास माझ्या चाखायच्या वाट्या. पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा, सगळे एकाच झुडपाचे. पान कसं सुकवलं, चोळलं, किती काळवंडू दिलं, एवढाच फरक. इतकी वर्षं दुकानात वावरून त्याला वाटतं, झाडं चार आहेत. आधी चाखावं, मग छापावं. मुलगा वाईट नाही, उतावळा आहे.

कलम ४. बँकेतली शिल्लक धाकटीच्या औषधपाण्याला आणि व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंना. इतर कोणी हात लावू नये.

कलम ५. चहाचे फायदे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढंच सांगावं: तरतरी येते, दोन घटका बरं वाटतं, जेवणापासून लांब प्या. बारीक व्हायचं असेल तर साखर कमी घाला. वजन उतरलं नाही म्हणून अर्धा पुडा परत आणणाऱ्या पेन्शनर साहेबांना तो परत घरी न्यायला सांगावं.

कलम ६. हे सगळं माझं एकदा लिहून झालं होतं. वकिलांनी ते सर्वांसमक्ष वाचलं आणि म्हणाले, “साक्षीदार बाहेरचा हवा. ज्याला काही मिळणार, त्याने सही केली तर त्याचा वाटा जातो.”

धाकटी काठी टेकत उठली, पेन ओढलं आणि साक्षीदाराच्या जागी सही ठोकून मोकळी झाली.

“अहो बाई, आता तुम्हाला काही मिळणार नाही!”

“कळलंय. म्हणूनच केली.”

मी ओरडले, “एवढा राग? लेकाच्या एका पुड्यापायी?”

“पुडा घाल चुलीत! तू मेल्यावर मिळणारं मला काहीएक नको. भांडायला तू पाहिजेस.”

तो कागद फाडावा लागला. हा दुसरा, कलम सहा सोडून पहिल्याबरहुकूम. असल्या बाईला काय द्यावं, हे कुठल्याच कलमात बसत नाही. तरी दिलं आहे, आणि तिने ते मुकाट्याने घ्यावं.

सही: थोरली
साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले (सही), कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली, धाकटीला बाहेर बसवून
दिनांक: सोमवार, दुकान बंद असण्याचा वार