आधी ऐकायचं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा राग येतोच. कमी झालाय असंही नाही.

कारखान्याच्या वसाहतीतल्या, पिपलानीच्या क्वार्टरमधला तुमचा वायरलेस सेट आठवतो, हौसेने लांबलांबच्या अनोळखी लोकांशी बोलायचा. पेरूच्या झाडापर्यंत ताणलेली एरियलची तार, तिच्यावर आईला साधा टॉवेल वाळत घालू द्यायचा नाहीत तुम्ही. मी अकरावीत होते. तुम्ही कारखान्यातून स्कूटरवर आलात आणि माइक माझ्या हातात! कुणाशी तरी बोलायचं होतं, बस. तुम्ही प्लग उपटलात, सेट लोखंडी कपाटात कोंबलात आणि किल्ली जानव्याला बांधलीत. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, पोरीचं चुकलं काय ते सांगा तरी!" तुम्ही म्हणालात, "लायसन्स माझं आहे. विषय संपला." डोंबलाचा संपला! परीक्षा देऊन माझं लायसन्स काढते म्हटलं, तर "काही गरज नाही". ते कपाट तुम्ही शेवटपर्यंत उघडलं नाहीत. नंतर आईने सेट कबाडीवाल्याला दिला, मी अडवलं नाही.

आता मी आनंद नगरला राहते आणि वायफाय कार्डांचे ड्रायव्हर लिहिते. म्हणजे कॉम्प्युटरला ते कार्ड चालवायला शिकवणारा कोड, कुणालाही वाचता यावा, बदलता यावा असा, फुकट. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या अगदी तुमच्या गोत्राच्या. कोड उघडा केला की लोक नियम मोडतात म्हणे, म्हणून कुलूप. त्यांच्याशी भांडताना मला तुमचंच तोंड दिसतं, त्यामुळे भांडण झकास जमतं.

परवा एका अनोळखी माणसाने माझ्या कोडमध्ये बदल सुचवून पाठवला. वायफायच्या काही चॅनेलवर हवामानाची रडारंही चालतात. तिथे कार्डाने आधी ऐकायचं, रडार असेल तर गप्प बसायचं, असा नियम आहे. याने ते ऐकणंच काढून टाकलं होतं, का तर नेट सुरू व्हायला वेळ लागतो. मी "नाही" एवढंच लिहिलं आणि विषय बंद केला. त्याने विचारलं, "पण का?"

तुमच्या सेटवरही आधी ऐकायचं, मग बोलायचं असतं; अकरावीतल्या त्या दिवशी मीही न ऐकता कुणाच्या तरी बोलण्यात घुसले असणार. नियम तुमचा बरोबर होता, बाबा. पण सांगायला काय जात होतं हो तुमचं?

आज त्याला कारण लिहायला बसले होते, आणि सगळं तुम्हालाच लिहून झालं. हे तुम्हाला पोचणार नाही. ज्याला पोचलं असतं, त्याला मी अजून "नाही"च्या पुढे एक अक्षर लिहिलेलं नाही.