भांडकुदळच्या दुसऱ्या चावीबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक)
तथा अध्यक्ष, अपघात चौकशी समिती,
शिक्षण विभाग, दुसरा मजला.

विषय : आमच्या कार्यशाळा शिक्षकांना बडतर्फ करण्याची शिफारस उद्याच्या सुनावणीपूर्वी मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या समितीचा अहवाल.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज, जे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ आपल्याकडून आपल्याकडेच पाठवण्यात आले.

महोदय,

मी शाळेच्या यंत्रमानव संघाची प्रमुख असून इयत्ता दहावीत शिकते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आता नसल्यामुळे हा अर्ज डाव्या हाताने लिहिला आहे. अक्षराबद्दल क्षमस्व. बाकी कशाबद्दलही क्षमा मागण्याचा माझा विचार नाही, हे सुरुवातीलाच नम्रपणे नमूद करते.

१. आमच्या यंत्राचे नाव ‘भांडकुदळ’. ते आंतरशालेय झुंजीच्या स्पर्धेसाठी बांधले आहे. बुटके, रुंद, चार चाकांचे, आणि पुढच्या बाजूला आडवे फिरणारे पोलादी पाते. झुंज जाड पारदर्शक भिंतींच्या पेटीत होते आणि समोरचे यंत्र हलायचे थांबेपर्यंत चालते. गेल्या वर्षी उपांत्य फेरीत भांडकुदळने ‘कासव’ नावाच्या यंत्राची पाठ डबा उघडावा तशी उघडली. त्याचे एक चाक छताला आदळले, बॅटरीने पेट घेतला, पेटीभर काळा धूर झाला आणि मी आनंदाने किंचाळले. अहवालात याला ‘विद्यार्थिनीची हिंसक मनोवृत्ती’ म्हटले आहे. मला तोडफोड आवडते, हे मी नाकारत नाही. परंतु आम्ही हा खेळ खेळू लागल्यापासून पेटीबाहेर कोणाला साधा ओरखडाही आलेला नव्हता, हेही खरे आहे.

२. त्याचे कारण सरांचा एक नियम. यंत्राच्या पाठीत अंगठ्याएवढा लाल प्लग बसतो. आम्ही त्याला चावी म्हणतो. ती काढली की वीज तुटते आणि पाते मेल्यासारखे पडते. ज्याला यंत्रात हात घालायचा असेल त्याने चावी काढून स्वतःच्या गळ्यात अडकवायची आणि मगच हात आत घालायचा. सरांनी चावी एकच ठेवली होती. दुसरी करून ठेवू या, म्हणजे शोधाशोध नको, असे आम्ही एकदा सुचवले तेव्हा एरवी मवाळ बोलणारे सर इतके भडकले की दिवसभर कोणी त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाही. दुसरी चावी असेल तर गळ्यातल्या चावीला काही अर्थच उरत नाही, असे ते म्हणाले. ते आम्हाला तेव्हाच पटले होते. आपल्याला पटावे म्हणून मला इतके लिहावे लागत आहे.

३. नव्या कार्यशाळेच्या उद्घाटनाला आपण प्रमुख पाहुणे म्हणून येणार होता. साहेबांनी चावी लावताच पाते फिरले पाहिजे, रिमोटचा खेळ साहेबांना शोभणार नाही, असा मुख्याध्यापकांचा हट्ट होता. सर आधी नाही म्हणाले. मग यंत्र पेटीत जाईपर्यंत चावी माझ्या गळ्यातच राहील, या अटीवर नाइलाजाने राजी झाले आणि त्यांनी तशी जोडणी करून दिली. पण आमच्या गळ्यातली घामट चावी साहेबांच्या हातात कशी द्यायची, हा प्रश्न मुख्याध्यापकांना पडला. त्यांनी परस्पर बाजारातल्या इलेक्ट्रिशियनकडून दुसरी करून घेतली आणि तिला सोनेरी फीत बांधली. सरांना किंवा संघातल्या कोणालाही याचा पत्ता नव्हता.

४. आपण उशिरा आलात. तोवर भांडकुदळ मंचावरच्या टेबलावर होते आणि पाते फिरवणारा पट्टा पुलीवरून सरकला होता. चावी ठरल्याप्रमाणे माझ्या गळ्यात होती, म्हणून मी पुढचे झाकण उघडले आणि हात आत घातला. सर झाकण धरून उभे होते. आपण मागच्या बाजूने मंचावर चढलात. मध्ये फुलांची कमान होती, त्यामुळे मी आपल्याला दिसले नसेन, हे मान्य करते. बँड जोरात वाजत होता. आपल्या हातात चावी पाहून सर ओरडले ते कोणाला ऐकू गेले नाही. मला मात्र मुख्याध्यापकांचे शब्द स्पष्ट ऐकू आले, कारण ते ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ होते. “साहेब, हीच जागा. दाबा, आणि कॅमेऱ्याकडे बघा.”

आपण दाबलेत. आणि कॅमेऱ्याकडे पाहिलेत.

पट्टा आणि पुली यांच्यामध्ये माझी बोटे होती. दुखण्याच्या आधी आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. पात्याने झाकण उडवले, ते सरांच्या कपाळावर बसले. रक्ताने डोळे भरलेले असताना सर टेबलावरून पलीकडे झेपावले आणि त्यांनी चावी उपटून काढली. तेवढे केले नसते तर मनगट गेले असते, असे डॉक्टर म्हणाले. लोक अजून टाळ्या वाजवत होते. मला दवाखान्यात नेले तेव्हा माझी चावी माझ्या गळ्यातच होती. परिचारिकेने दोरी कापून ती काढली.

५. माझे वडील क्रेनचालक आहेत. तापट आहेत, पण विनाकारण कोणावर हात उगारणारे नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितले की, सरांनीच यंत्र चालू करून पोरीला हात घालायला लावला. वडील तिथून तडक कार्यशाळेत गेले. कपाळाला पट्टी बांधलेले सर एकटेच फरशीवरचे रक्त पुसत होते. वडिलांनी आमच्याच मांडणीवरचा लोखंडी पाइप उचलला. पहिल्या घावात सरांचे गळ्याजवळचे हाड मोडले, दुसऱ्यात जबडा. सरांनी बचावासाठी हातही वर केला नाही. आमच्या संघाचा चालक, ज्याला आम्ही गप्प्या म्हणतो, तो आवाज ऐकून धावत आला आणि वडिलांच्या दंडाला असा चावला की तीन जणांनी ओढले तरी सुटेना. त्याच संध्याकाळी गप्प्याकडून खरे काय ते कळल्यावर माझ्या आत्याने मुख्याध्यापकांना गाठून त्यांच्या तोंडावर भरलेला थर्मास हाणला. त्यांचे दोन दात पडले. आत्याला त्याचा पश्चात्ताप नाही, आणि या अर्जात तसे लिहू नकोस, असे ती म्हणाली होती.

शुद्धीवर आल्यावर मी वडिलांना सगळे सांगितले. तेव्हापासून ते जामिनावर असूनही घरी राहत नाहीत. सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून असतात. सरांच्या पत्नी त्यांना आत जाऊ देत नाहीत, आणि ते उठूनही जात नाहीत. मला त्यांचा संताप येतो आणि त्याच वेळी त्यांची दयाही येते.

६. आता आपल्या अहवालाविषयी.

(अ) दुसरी चावी अस्तित्वातच नव्हती, असे त्यात म्हटले आहे. छायाचित्रात आपल्या बोटांमधून लोंबणारी सोनेरी फीत ही ‘मंचसजावटीचा भाग’ असल्याचे समितीचे मत आहे.

(आ) पान दोनवर यंत्र आपोआप सुरू झाले आहे. पान तीनवर ते मी सुरू केले आहे. पान चारवर ते सरांच्या निष्काळजीपणामुळे सुरू झाले आहे. कोणत्याही पानावर ते आपण सुरू केलेले नाही.

(इ) समितीच्या कारकुनांनी भांडकुदळ हे कर्मचाऱ्याचे आडनाव समजून त्याच्या नावे कारणे दाखवा नोटीस काढली. ती कार्यशाळेच्या दारावर चिकटवली आहे. मुदतीत खुलासा न आल्यास त्याचे काही म्हणणे नाही असे गृहीत धरले जाईल, असे तीत लिहिले आहे. मुदत संपली. त्याचे खरोखरच काही म्हणणे नाही.

(ई) हा खेळ ‘माणसांना हिंसेची सवय लावणारा’ असल्याने त्यावर बंदी घालावी, अशी शिफारस आहे. महोदय, पाइप, दात, दंड, थर्मास आणि माझी बोटे हे सर्व पेटीबाहेर घडले. पेटीत फक्त यंत्रे भांडतात, आणि तीही घंटा वाजली की थांबतात.

(उ) हे सगळे खापर सरांच्या डोक्यावर फोडून उद्या त्यांना काढून टाकायचे ठरले आहे. त्यांचा जबडा तारेने बांधलेला आहे. ते सुनावणीत एक शब्दही बोलू शकणार नाहीत, हे समितीला माहीत आहे. सुनावणी पुढे ढकलण्याची विनंती आपण फेटाळली आहे.

७. काल दवाखान्यात माझ्या खाटेभोवती संघाची बैठक झाली. एक ठराव मांडण्यात आला. आपल्याला कार्यशाळेत बोलवावे, आमची चावी आपल्या गळ्यात घालावी, आणि आपला उजवा हात पट्टा व पुली यांच्यामध्ये ठेवून आपण आपल्या अहवालातले ‘दुसरी चावी अस्तित्वातच नव्हती’ हे वाक्य मोठ्याने वाचावे. तेवढ्या वेळात आमच्यापैकी एक जण यंत्रामागे उभा राहील. त्याच्या खिशात काही असेल किंवा नसेल. आपल्या अहवालावर आपला विश्वास असेल तर आपल्याला हात घालायला हरकत नसावी, असे ठराव मांडणाऱ्याचे म्हणणे होते.

ठरावाच्या बाजूने पाच मते पडली, विरोधात दोन. विरोधातले एक मत गप्प्याचे. तो म्हणाला, “साहेब रडतील. मला नाही बघवणार.” दुसरे मत माझे होते.

माझ्या मतामागे दयाबुद्धी नव्हती, हे प्रामाणिकपणे कळवते. खाटेवर पडल्यापासून मी आपल्या हाताचाच विचार करते आहे. तो त्या पुलीत कसा जाईल, कोणता आवाज येईल, आपण कोणाला हाक माराल, हे मी इतक्या वेळा मनात पाहिले आहे की आता ते मला पाठ आहे. एकदा तर पाहून हसूही आले. त्यानंतर मात्र मला स्वतःची भीती वाटली.

तरीही संघप्रमुख या नात्याने मी बहुमताचा ठराव रद्द केला आहे. आपला उजवा हात आम्हाला शाबूत हवा आहे. उद्या सुनावणी सुरू होण्यापूर्वी त्याने एक वाक्य लिहायचे आहे : ‘चावी मी लावली, आणि आत कोणाचा हात आहे का, हे मी विचारले नाही.’

आपली आज्ञाधारक म्हणवत नाही, म्हणून नुसती आपली,

(डाव्या हाताची सही)
संघप्रमुख, यंत्रमानव संघ
दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) छायाचित्र, फितीसह.
३) कोरा कागद, एक.