मला बाहेर बसवलं

४ जुलै
रिपोर्ट आले. कॅम्प ५ च्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ते आमच्या ह्यांच्याकडे बघत वाचले. मग मला म्हणाले, "भाभी, आप जरा बाहर बैठो." पोट माझं, सुई माझ्या पोटात घातली, आणि बाहेर मी. काचेतून ह्यांची पाठ दिसत होती, हळूहळू वाकत गेली.
आल्यावर म्हणाले, "साधी गाठ आहे. औषधाने विरघळेल." रिक्षा अंबरनाथला येईपर्यंत तोंड फिरवून बसले होते.

६ जुलै
जेवण जात नाही. पोट टम्म. हे फोनवर सासूबाईंना सांगत होते, अल्सर आहे. मला गाठ, त्यांना अल्सर. विचारलं, नक्की काय म्हणाले डॉ.? "इंग्लिशमध्ये बोलले गं बरंचसं. दिवाळीपर्यंत ठणठणीत होशील."
संध्याकाळी न सांगता माझे पाय चेपायला बसले. लग्नापासून कधी नाही. तेव्हा खरी घाबरले.

९ जुलै
कंपनीत जाते सांगून एकटीच कॅम्प ५ ला.
"मिस्टर नहीं आये?"
नाही म्हटलं. मला सांगा.
"उन्होंने हाथ जोडे थे. बोले, उसको मत बताना, टूट जायेगी."
"डॉक्टर, न कळून रोज मरतेय मी."
त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मराठीत, सावकाश, "अंडाशयाचा कॅन्सर आहे. लिव्हरपर्यंत गेलाय. केमोने आवरायचा प्रयत्न करू. पूर्ण बरा होईल, असं मी नाही सांगू शकत."
किती दिवस आहेत, हे विचारायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं, "केस जातील का?"
"जातील. परत येतात."
बाहेर बाकड्यावर बसून राहिले.

१० जुलै
ह्यांनी शहाळं आणलं. गाठीला चांगलं म्हणे. प्यायले. हलकं वाटतंय म्हटलं. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माझ्याआधी हे आत होते. तेव्हाही नळ बराच वेळ चालू होता.

१३ जुलै
उद्या पहिली केमो. मला सांगितलंय, ताकदीचं सलाईन. आता हे नाटक रेटवेना. हे चहा करत होते, मागून म्हटलं, "मला माहीत आहे. जाऊन आले मी. लिव्हरपर्यंत गेलाय ना?"
ह्यांनी गॅस बंद केला. "लिव्हर? मला तर फक्त कॅन्सर म्हणाले. लिव्हरचं कधी…"
सांगितलं नव्हतं, की ह्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं, देव जाणे. गॅलरीत जाऊन उभे आहेत. आत आले की विचारतील, अजून काय म्हणाले डॉक्टर. सगळं सांगू, की आता मी ह्यांना बाहेर बसवू?