बाबांचं घर, आत्याचा हुंकार

ये चिमणे, ही चिठ्ठी घेऊन बस, गोष्ट सांगते. पण आधी कॉम्प्युटरला हात लावू नकोस.

एक होती आत्या. कॉम्प्युटरवरचा खेळ सुरूच होईना म्हणून भाची सकाळी न खाता कामावर गेली, ते तिच्या जिवाला लागलं. तिनं दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काढून टाका, नव्यानं घाला." काढताना पडद्यानं विचारलं, आधीचा साठवलेला खेळही पुसू का? जन्मभर कथेला बसून बुवांच्या प्रत्येक प्रश्नाला हुंकार भरणारी ती. तिनं "हो" दाबलं. "नक्की?" विचारलं, तरी हो. मग आठवलं, दादानं शेवटच्या आजारपणात तुझ्याबरोबर बांधलेलं घर त्यातच होतं.

दुरुस्तीवाला म्हणतो, मशीन बंदच ठेवलं तर पुसलेलं कदाचित परत मिळेल. म्हणून वायर काढली आहे आणि मी त्याला हाताला धरून आणायला गेले आहे. जेवण झाकून ठेवलंय. माझ्यावर खुशाल रागाव, पण पोटावर राग काढू नकोस.

देवावर माझा भरवसा आहे, तरी वायर निघाली आहे ना, ते दोनदा पाहिलं. तोवर तू बाबांना आठव. त्यांनी त्या घराला कुठं कुठं खिडक्या ठेवल्या होत्या, ते या कागदामागं काढून ठेव.