टाउन क्लार्कचा भाव

३ ऑगस्ट, रविवार

यॉर्कच्या एबोर मीटिंगला, म्हणजे चार दिवसांच्या घोड्यांच्या शर्यतींना, सतरा दिवस राहिले. ही वही पुन्हा सुरू करतोय. यंदा फक्त खरं तेच लिहायचं.

मागच्या वर्षी चार दिवसांत अठरा घोडे लावले, एक आला. तोही बायकोने, पॉलीनने, बेटिंगच्या दुकानात चुकीचा नंबर सांगितल्यामुळे, म्हणून मी तो धरत नाही. लोक याला अपयश म्हणतात. लोकांना व्हॅल्यू कळत नाही. दहा वेळा धावला तर एकदा जिंकेल अशी घोड्याची लायकी असेल, आणि बुकी एकास तेहेतीस भाव देत असेल, तर तो घोडा लावायचा. तो जिंकतो की नाही हा वेगळा विषय आहे. इतकी साधी गोष्ट, पण अख्ख्या माल्टन गावात ती मला एकट्यालाच कळते.

यंदाचे नियम: फेव्हरिट, म्हणजे सगळे लावतात तो घोडा, लावायचा नाही. व्हॅल्यू नसेल तर सख्ख्या भावाचा घोडा असला तरी लावायचा नाही. आणि सापडलेलं नाव कोणाला सांगायचं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

पॉलीनच्या बहिणीचं, आयरीनचं, खुब्याचं ऑपरेशन झालंय. तिला जिने चढता येत नाहीत, एकटीने राहता येत नाही. पॉलीन म्हणते, खालची मागची खोली तिला दे. मागची खोली म्हणजे माझं ऑफिस. बावीस वर्षांची फॉर्म-बुकं, म्हणजे घोड्यांच्या निकालांच्या नोंदी, रेडिओ, माझी खुर्ची. मी म्हटलं, ते ऑफिस आहे. ती म्हणाली, ऑफिसात पगार मिळतो, रॉय.

मी म्हटलं, यंदा बघच. ती म्हणाली, बरं, बघते. दोनशे पौंड घे. चार दिवसांनी एक पौंड जरी वर असलास तर खोली तुझी, आयरीनला हल शहरात तिच्या लेकाकडे पाठवते. नाहीतर तुझी पुस्तकं गॅरेजमध्ये. आणि स्लिपा दाखवायच्या, तोंडी गप्पा नकोत.

एक पौंड! बिचारीची दया आली.

८ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी ६.२०

सापडला.

टाउन क्लार्क. सहा वर्षांचा, तपकिरी, दिसायलाही कचेरीतल्या माणसासारखा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ट्रेनर आपल्याच भागातला, चौदा घोड्यांचा लहानसा तबेला. जूनमध्ये रिपनला सहावा आला म्हणून सगळ्यांनी त्याला सोडून दिलं. मी ती रेस एकोणीस वेळा पाहिली आहे. शेवटच्या वळणावर त्याच्यापुढे तीन घोडे आडवे. त्याला वाट मिळेपर्यंत रेस संपली होती. यॉर्कला शेवटचा सरळ टप्पा लांबलचक आहे. तिथे वाट मिळणार म्हणजे मिळणार.

शनिवारच्या मोठ्या रेसला, एबोरला, भाव एकास तेहेतीस. माझ्या गणिताने त्याची लायकी एकास बाराची. याला म्हणतात व्हॅल्यू.

आज लावला नाही. भाव चाळीस होईल. बाजार चुकतोय तर त्याला पुरता चुकू द्यावा.

दुपारी

चारही दिवसांचा प्रीव्ह्यू, म्हणजे कोण का जिंकेल याचा अंदाज, लिहून पूर्ण. अकरा पानं. हे माझं तेविसावं वर्ष. लायब्ररीत बारा प्रती काढल्या. तिथली बाई म्हणाली, गेल्या वर्षीच्या नऊ अजून कपाटात आहेत, घेऊन जाणार का. मी म्हटलं, संग्रही असू द्या.

९ ऑगस्ट, शनिवार

जेफ सग्डन खाटकाच्या दुकानात गेलो. रांगेत सात माणसं. जेफ सुरी पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, काय प्रोफेसर, यंदा कुठलं लंगडं? सगळे हसले. शाळेत माझ्यामागच्या बाकावर बसणारा हा माणूस. गणितात नापास.

मी नाव सांगितलं नाही. पान सात उघडून काउंटरवर ठेवलं, एवढंच. टाउन क्लार्क शेवटच्या दोन फर्लांगांत कठड्याच्या बाजूने येईल, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. जेफने मोठ्याने वाचलं. त्यात माझा दोष नाही.

घरी एक प्रत पॉलीनला दिली. तिने ती ब्रेडच्या डब्यावर ठेवली. आजवर एकदाही वाचलेली नाही, यंदा तरी कशाला वाचेल?

१२ ऑगस्ट, मंगळवार

टाउन क्लार्क एकास पंचवीस. हे तात्पुरतं आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

वीस. जेफच्या मेव्हण्याचा म्हणे फोनवर रेसचा ग्रुप आहे, चार हजार माणसांचा. त्यात माझं सातवं पान फोटो काढून टाकलंय, आणि लोक लावतील तसा भाव उतरतो. वर लिहिलंय, आमच्या गावच्या प्रोफेसरचा शब्द. पोस्टमनने आज मला डोळा मारला. मी ओळख दाखवली नाही.

आज लावायला हवा होता का? नाही. लोक आरंभशूर असतात. दोन दिवसांत विसरतील आणि भाव पुन्हा तीसवर जाईल.

१८ ऑगस्ट, सोमवार

चौदा.

गावातल्या बेटिंगच्या दुकानात गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, टाउन क्लार्क ना? माल्टनचा माणूस आला की मी आता स्लिप आधीच काढून ठेवते. मी म्हटलं, मी फक्त पेन्सिल घ्यायला आलोय. दोन घेतल्या.

२० ऑगस्ट, बुधवार, यॉर्क

मीटिंगचा पहिला दिवस. हवा छान, मैदान थोडं टणक. बसने आलो. डबा: पोर्क पाय, टोमॅटो, थर्मासमध्ये चहा. तीन घोडे लावले. चौथा, आठवा आणि सातवा. चौथा आलेला घोडा एकास पंचवीसचा होता, म्हणजे बाजाराच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वर आला. दिवस सत्कारणी लागला असंच म्हणायचं. गेले साठ.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दोन घोडे. एक पाचवा. दुसऱ्याबद्दल लिहीत नाही. गेले चाळीस.

पॉलीनने विचारलं, कसं चाललंय. मी म्हटलं, पाया भक्कम होतोय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पाच फर्लांगांची वेगाची रेस. माझा घोडा गेटमधून बाहेरच पडला नाही. तो का पडला नाही याचं कारण माझ्या प्रीव्ह्यूमध्ये नव्हतं, त्यामुळे ही हार माझी धरता येत नाही. गेले चाळीस.

उरले साठ. उद्या एबोर. पॉलीन म्हणते, मीही येते, निळी हॅट किती वर्षांत घातली नाही. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ७.१०

टाउन क्लार्क एकास दहा.

शांतपणे विचार करू. साठ पौंड दहाच्या भावाने लावले आणि तो आला तर सहाशे. एका पौंडाची अट कुठल्या कुठे जाते, खोली वाचते. हे जेफलासुद्धा कळेल. पण घोड्याची लायकी एकास बाराची आणि भाव दहाचा. म्हणजे व्हॅल्यू नाही. तेवीस वर्षं एक तत्त्व सांभाळलं, ते आज एका खोलीपायी सोडायचं? मग माझ्यात आणि रांगेतल्या त्या सात जणांत फरक काय राहिला?

त्याच रेसमधला दुसरा घोडा, सिल्व्हर टीपॉट. भाव चाळीस, लायकी माझ्या गणिताने पस्तीस. सगळं कागदावर मांडलं. कागदाची काही हरकत नाही.

दुपारी २.५०, मैदानावर

लावले. साठच्या साठ, सिल्व्हर टीपॉटवर. बुकीने दोनदा विचारलं, टीपॉटच ना साहेब? या लोकांना दुसऱ्याचं डोकं चाललेलं बघवत नाही.

पॉलीन स्टँडमध्ये आहे. गावातले पुष्कळ लोक दिसतात. सगळे लांबूनच मला अंगठा वर करून शाबासकी देतात.

संध्याकाळी ६.१५, घरी

जसं झालं तसं लिहितो.

बावीस घोडे. वळणावर टाउन क्लार्क पंधरावा. मग सरळ टप्पा आला, आणि निवेदक म्हणाला, कठड्याच्या बाजूने कोण येतंय बघा. मला बघायची गरज नव्हती. पान सात. शब्द न् शब्द. मी ओरडायला लागलो. चल क्लार्क, चल राजा, घे वाट! घसा बसेपर्यंत ओरडलो, टोपी उडवली, शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. घोड्याच्या अर्ध्या लांबीने जिंकला. मी रडत होतो. अर्धा मिनिट तरी यॉर्कशायरमध्ये माझ्याइतका सुखी माणूस नसेल.

मग हात खिशात गेला, स्लिप काढायला.

सिल्व्हर टीपॉट कितवा आला ते पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने आला.

जेफने मला सगळ्यांसमोर उचललं. ऐंशी किलोचा माणूस मी. म्हणाला, शाळेपासून तुला हसलो रे, माफ कर. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, नाटक नव्हतं. कुणीतरी हातात शॅम्पेनचा प्लास्टिकचा ग्लास दिला. कुणीतरी विचारलं, प्रोफेसर, तुम्ही किती लावले? मी म्हटलं, ते खासगी आहे. सगळे आदराने गप्प झाले.

पॉलीन निळी हॅट सावरत आली. पर्समधून स्लिप काढली. ११ ऑगस्टची. वीस पौंड, एकास तेहेतीस. म्हणाली, केस कापायला गेले होते ना, तिथे बसून वाचली तुझी पानं. अकराच्या अकरा. मला त्यातलं सगळं नाही कळलं, पण तुला कळलंय एवढं कळलं. म्हणून लावले. मग म्हणाली, आयरीनला आत्ताच फोन केला, तुझं लेकाकडे जायचं बघ, रॉयची खोली रॉयकडेच राहणार.

मी सांगणारच होतो. तेवढ्यात बस आली.

बसमध्ये तिने माझा हात धरला, तो माल्टन येईपर्यंत सोडला नाही. असं किती वर्षांत झालं नव्हतं. दुसऱ्या हाताने मी खिशातली स्लिप दाबून धरली होती.

उद्या सांगतो. आज तिला झोपू दे.

२४ ऑगस्ट, रविवार

नाश्त्याला तिनेच विषय काढला. तुझी स्लिप आण, म्हणाली, माझ्या स्लिपेच्या फोटोकॉपीशेजारी लावू, फ्रेम करू.

आणली. टेबलावर ठेवली. तिने चष्मा लावला, वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली. मी व्हॅल्यूचं तत्त्व सुरुवातीपासून समजावलं. बारा, दहा, पस्तीस, चाळीस. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. एरवी मीठ मागितलं तरी टोकते.

माझं संपल्यावर म्हणाली, मी तुझं वाचलं आणि विश्वास ठेवला. तू वाचलं नव्हतंस का रे?

चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मग तिने बशा उचलल्या आणि आयरीनला फोन लावला.

मला फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आयरीन आली. दोन बॅगा, वॉकर, एक लठ्ठ मांजर. पुस्तकं गॅरेजमध्ये न्यायला जेफ आला होता. सोळा खोकी. त्याला कळलंय. गावाला कळलंय. पोस्टमन आता सरळ पत्रं देतो.

तत्त्वतः खोली अजून माझीच आहे. आयरीन तिथे झोपते, एवढंच.

चहाच्या वेळी ती म्हणाली, रॉय, पुढच्या महिन्यात डोंकास्टरला मोठी रेस आहे ना? मला नाव सांग हो एखादं. कारणं नकोत, नुसतं नाव. आणि तू स्वतः काय लावतोस तेही सांग, म्हणजे तेवढं टाळता येईल. पॉलीन हसली. रविवारनंतर पहिल्यांदा हसली, म्हणून मीही हसलो.

नंतर गॅरेजमध्ये जाऊन, खोक्यांच्या मधे उभ्यानेच, प्रीव्ह्यू काढून वाचला. लिहिल्यापासून पहिल्यांदाच. अकरा पानं, सावकाश, टाउन क्लार्कवाली पानं दोनदा. चांगलं लिहिलंय. मुद्दे पटतात. हे वाचून मीसुद्धा डोळे मिटून टाउन क्लार्कच लावला असता.